एक्केचाळीस नंबरची हजेरी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीवर मागे कुणीतरी बसतं... मला नेहमी वाटायचं, आधी गाडीचं चेनकव्हर तपासा. त्यात माझा दोष नाही. दारव्ह्यात आमच्या अब्बांचं मोटारपंप आणि दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि मी त्यातच लहानाची मोठी झाले. अब्बांचं एकच म्हणणं असायचं, "आवाज आया मतलब कहीं कुछ घिस रहा है. ढूंढो." ताप असो, भांडण असो की बिघडलेला पंप असो, घासणारा भाग शोधायचा आणि बदलायचा. मी पण तशीच झाले. माझी नणंद मला 'पान्याची पोर' म्हणते ते उगीच नाही.

तर हा अनुभव त्या पान्याच्या पोरीचा आहे. लिहावा की नाही यात पुष्कळ दिवस गेले. त्यातली मोठी चूक माझी आहे, हे एक कारण.

बोंडअळीचं वर्ष आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. कापसाची बोंडं बाहेरून धडधाकट दिसायची आणि आत किडकी निघायची. मी तेव्हा दिग्रस रोडवरच्या एका जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात तिथे, टाइम ऑफिसला होते. नाव सांगत नाही. बी.कॉम. आणि कॉम्प्युटरचा कोर्स एवढ्या भांडवलावर नोकरी मिळाली होती. कामगारांची हजेरी आणि पाळ्या बघायचं काम.

पाळ्या म्हणजे तोवर गुलाबकाका मुकादमांची पाटी. गेटच्या आत डाव्या हाताला एक लांब लाकडी फळी ठोकलेली होती. तिच्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगाने नंबर. कामावर येणाऱ्या बाईने आपला पितळी बिल्ला आपल्या खिळ्यावर अडकवायचा, जाताना काढून न्यायचा. काका पाटीकडे एक नजर टाकायचे आणि वहीत हजेरी मांडायचे. मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं की एक्केचाळीस नंबरच्या खिळ्यावर कधीच काही नसतं. विचारलं, तर काका म्हणाले, तो नंबर मी कुणाले देत नाही. का, ते सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही, मला दुसरी कामं होती.

त्या वर्षी कापूस कमी येणार हे दसऱ्यालाच कळलं होतं. मोठ्या शेठजींनी कारभार मुलाकडे दिला होता आणि छोटे शेठ पुण्याला शिकून आलेले. त्यांनी पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर आणलं आणि गेटवर अंगठ्याचं मशीन बसवलं. कोणत्या मशीनवर किती माणसं लागतात, कुणाला कोणतं काम येतं, कुणाची किती हजेरी झाली, हे एकदा भरलं की बटण दाबायचं. आठवड्याच्या पाळ्या आपोआप लागतात. छोटे शेठ म्हणाले, महिन्याला वीस हजेऱ्या ज्यांच्या भरणार नाहीत त्यांना पुढच्या महिन्यापासून बंद. अंगठा लागला तर हजेरी, नाही तर नाही. हाताने एन्ट्री करायची नाही. मला ते तेव्हा चोख वाटलं होतं, हे कबूल करते. गुलाबकाकांची वही मला पहिल्यापासून आवडत नव्हती, तिच्यात खाडाखोड फार.

आता माझी चूक. सगळ्यांची नावं एक्सेलमध्ये भरून ती यादी सॉफ्टवेअरमध्ये चढवायची होती. यादी चाळीसपर्यंत चढायची आणि थांबायची. पुन्हा चढवली, पुन्हा तिथेच. शोधल्यावर घासणारा भाग सापडला — एक्केचाळीसची ओळ रिकामी होती आणि रिकामी ओळ आली की प्रोग्रॅमला वाटायचं यादी संपली. मी त्या ओळीत नावाच्या रकान्यात 'राखीव' असं टाइप केलं आणि बाकीचे रकाने सोडून दिले. यादी सरसर चढली. मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायला गेले.

पहिल्या आठवड्याचा तक्ता गेटवर लावला तेव्हा बायांनी त्यावरून माझी पुष्कळ टिंगल केली. तक्त्याच्या शेवटी 'राखीव' हे नाव पाळीशिवाय लटकत होतं. ही राखीवबाई कोण, कोणत्या गावची, नवरा काय करते, असं दिवसभर चाललं. कुणी पाणी प्यायला उशीर केला की राखीवबाईला पाठवा. गुलाबकाका मात्र तक्ता वाचून माझ्या टेबलापाशी आले आणि एक्केचाळीसवर बोट ठेवून म्हणाले, हे काढ. मी म्हटलं काढलं तर यादी तुटते काका, नुसतं नाव आहे, कुणी माणूस नाही. ते तसेच गेटकडे निघून गेले.

खरी अडचण निघाली अंगठ्यांची. कापसात हात घालून घालून जुन्या बायांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीन म्हणायचं, 'पुन्हा प्रयत्न करा.' अठ्ठावीस नंबरच्या इंदूमावशीला तर ते रोजच म्हणायचं. पन्नाशीची बाई, अंगाने काटक, बोलायला फटकळ. नवरा केव्हाच वारलेला, घरी एकटी मुलगी जया, बारावीला. वीस-एकवीस सीझन याच फॅक्टरीत केलेले. मी तिची दहाही बोटं लावून पाहिली, कोमट पाण्यात हात धुवायला लावले, खोबरेल चोळलं. कधी डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लागायचं, कधी काहीच नाही. ज्या दिवशी नाही लागलं त्या दिवशी ती दिवसभर राबूनही गैरहजर. मी छोट्या शेठना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, एकीसाठी नियम मोडला तर सगळ्यांसाठी मोडावा लागेल.

डिसेंबर संपत आला. इंदूमावशीच्या रेकॉर्डवर अठरा हजेऱ्या होत्या. महिन्याचा शेवटचा आठवडा उरला होता आणि नेहमीच्या क्रमाने तिच्या वाट्याला दोन पाळ्या यायच्या होत्या, बुधवार आणि शुक्रवार. दोन्ही लागल्या तर वीस. मी त्या दोन दिवसांवर डोळा ठेवून होते.

सोमवारी दुपारी तक्ता काढायला बटण दाबलं. शुक्रवारी इंदूमावशी होती. बुधवारी नव्हती. बुधवारच्या दिवसपाळीत सहा नंबरच्या जिनसमोर, म्हणजे सरकी काढायच्या मशीनसमोर, कापसाच्या गंजीवर, तिच्या जागेवर लिहिलं होतं — ४१, राखीव. आणि अठ्ठावीसपुढे 'सुट्टी'.

मला आधी रागच आला. राखीवला तोवर एकदाही पाळी लागली नव्हती. मी हाताने बदल केला, राखीव काढून मावशीला बसवलं, आणि बाकीच्या जागा जुळाव्यात म्हणून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. मावशीला सुट्टी, जागेवर एक्केचाळीस. तिसऱ्यांदा मी बुधवारचा तक्ता पूर्ण पुसून पहिल्यापासून लावला. बाकी सगळ्यांच्या जागा बदलल्या, वंदना सातवरून सहावर आली, सहाची सातवर गेली, पण अठ्ठावीसच्या जागेवर एक्केचाळीस तसंच.

पुण्याला सपोर्टला फोन लावला. तिकडच्या माणसाने माझी स्क्रीन त्याच्याकडे उघडली आणि एकेक रकाना तपासला. मग म्हणाला, मॅडम, या ४१ ला कोणतं काम येतं ते तुम्ही भरलेलंच नाही. काम भरलं नसेल तर सिस्टिम त्या माणसाला पाळी लावूच शकत नाही. मी म्हटलं, लावली ना पण. तो म्हणाला, हो, दिसतंय... मी वर विचारतो. त्याने वर काय विचारलं ते मला कधी कळलं नाही.

मी स्क्रीनची प्रिंट घेऊन गुलाबकाकांकडे गेले. ते गेटपाशी पाटीखालीच बसले होते. मशीन आल्यावर पाटी काढून टाका असं छोट्या शेठनी सांगितलं होतं, पण काका म्हणायचे सीझन संपला की काढतो, आणि बायाही सवयीने बिल्ले अडकवत होत्या. अंगठा लागो न लागो, बिल्ला लागायचा. काकांनी प्रिंट हातात घेतली. चष्मा लावून वाचली, आणि घडी करून मला परत दिली.

"शांता होय ते," ते म्हणाले. "एक्केचाळीस शांताचा नंबर होता. इंदीची जोडीदारीण. दोघी अकरा सीझन संगं होत्या."

मग त्यांनी मला पाटीची ती रीत सांगितली, जी माझ्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितली नव्हती. एखादीला घरी अडचण आली की तिची जोडीदारीण तिच्या जागेवर पाळी करायची. अशा वेळी ती आपला बिल्ला स्वतःच्या खिळ्यावर नाही, तर मैत्रिणीच्या खिळ्यावर अडकवायची. त्याला अदलाबदल म्हणायचे. काका बिल्ला पाहत नसत, खिळा पाहत. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे हजेरी त्या खिळ्याच्या मालकिणीची. पुढे केव्हातरी दुसरी तशीच फेड करायची. दोघींमध्ये हिशेब दोघींचा, वहीत फक्त खिळा. माझ्या डोळ्याला जी खाडाखोड दिसायची ती बहुतेक याचीच असावी.

नऊ वर्षांपूर्वी जया तापाने फणफणली होती. इंदूमावशीची पाळी होती. शांताने एक्केचाळीसचा बिल्ला अठ्ठावीसच्या खिळ्यावर अडकवला आणि आत गेली. तेव्हा जिनचे पट्टे उघडे असायचे. तिचा पदर पट्ट्यात गेला.

"मंग काय झालं?" मी विचारलं.

काका पाटीकडे पाहत म्हणाले, "वहीत तं इंदी हजर होती. शांताले सुट्टी होती. सुट्टीवर असलेलं माणूस मेलं तं मालकाचं काय जाते?"

म्हणजे शांताच्या घरच्यांना काहीच मिळालं नाही. काकांनी त्या दिवशी वही दुरुस्त केली नाही. ते त्यांनी स्वतः सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्या बदल्यात त्यांनी एवढंच केलं, की तो नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. मला म्हणाले, बुधवारी इंदीला टाकू नको, तक्ता आहे तसा राहू दे. मी म्हटलं, काका, सुट्टी ठेवली तर एकोणीसच हजेऱ्या होतात, नाव कटते तिचं. काका म्हणाले, कटू दे.

मला ते पटलं नाही. भिंतीवरच्या एका खिळ्यासाठी एका बाईचं काम घालवायचं? मी सरळ इंदूमावशीलाच बोलावलं. वाटलं होतं, ती घाबरेल किंवा हसेल. तिने प्रिंटवरचा आकडा ओळखला, तिला आकडे वाचता यायचे. ती माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. एरवी कितीही सांगितलं तरी ती खुर्चीवर बसायची नाही.

"मले तवा मोठ्या शेठनं इचारलं होतं," ती म्हणाली. "तुही पाळी होती का शांताची? म्या म्हणलं, माही. काम जाईन म्हून भेली मी. तिचा जीव गेला न हजेरी माही लागली."

मी तिला पाणी दिलं. तिने ते प्यायलं नाही, ग्लास नुसता धरून बसली. मी म्हटलं, मावशी, गुलाबकाका म्हणतात बुधवार राहू द्या. ती माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते.

"टाक मले बुधवारी. जयाचं वरीस आहे बारावीचं. मेलेल्या बाईच्या भरोशावर घर चालते का वं?"

मी टाकलं. आधीच्या तीन वेळी तक्ता पुन्हा बदलला होता, म्हणून या वेळी बटण न दाबता ती एक जागा कुलूपबंद केली. तशी सोय असते. एकदा कुलूप लावलं की सिस्टिम त्या जागेला हात लावत नाही. सिस्टिमने विचारलं, खात्री आहे का? मी 'हो' दाबलं. ही दुसरी चूक, पण ती चूक होती असं आजही मी पूर्ण मनाने म्हणू शकत नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

बुधवारी सकाळी मी मुद्दाम गेटवर जाऊन उभी राहिले. इंदूमावशीने बिल्ला अठ्ठावीसच्या खिळ्यावर अडकवला. मग मशीनपाशी आली. उजवा अंगठा पदराला पुसून काचेवर ठेवला, आणि पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला. मशीनमधली बाई गोड आवाजात 'थँक यू' म्हणाली. मागच्या रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, इंदे, आज पेढे पाह्यजे. मावशी चक्क लाजली. मशीनच्या छोट्या काचेवर कुणाची हजेरी लागली तो नंबर येतो, पण काच तंतूंनी भरलेली होती आणि मी ती पुसून पाहिली नाही. मला आनंद झाला होता. मी ऑफिसात गेले आणि दुसऱ्या कामाला लागले.

त्या आठवड्यात कापूस एकदम आला होता. भाव पडायच्या आधी विकून मोकळं व्हावं म्हणून लोकांनी ओला, किडका, जसा असेल तसा आणून टाकला. सहा नंबरसमोरची गंजी दोन माणसं उंच झाली होती. कापूस ओढणारा पाइप खालून ओढतो. बायांनी वरून थोडं थोडं खाली लोटायचं आणि कवडी, म्हणजे किडलेला कापूस, वेचून बाजूला टाकायची. त्या दिवशी गंजीवर इंदूमावशी आणि वंदना या दोघी होत्या. अकराच्या सुमारास वंदना पाणी प्यायला गेली.

ती परत आली तर गंजीचा आकार बदललेला होता आणि मावशी दिसत नव्हती. तिला वाटलं मावशीही बाहेर गेली असेल. तरी तिने येऊन सांगितलं, गंजी थोडी ढासळली वाटते, आणि मावशीला पाहायला लगेच गेटकडे गेली. छोटे शेठ तेव्हा माझ्याच टेबलापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, गंजीवर कोण कोण होतं? मी स्क्रीनवर पाहिलं. सहा नंबर, गंजी, हजर — वंदना. ४१, राखीव. अठ्ठावीसपुढे लाल अक्षरात 'गैरहजर'.

आणि मी तसंच वाचून दाखवलं. सकाळी मी तिच्या शेजारी उभी होते, तिचा अंगठा लागताना पाहिला होता, टाळ्या ऐकल्या होत्या... तरी मी वाचून दाखवलं, वंदना आहे, इंदूबाई आज आलेल्या नाहीत. छोटे शेठ म्हणाले, मग ठीक आहे, पाइप तुंबला असेल, साफ करायला सांगा. आणि फोनवर बोलायला लागले. मी स्क्रीनकडे पाहत बसले. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण काय ते डोक्यात येत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. फार नसेल. पण कापसाखाली तेवढाही पुष्कळ असतो.

गुलाबकाका गेटवरून धावत आले. त्यांनी स्क्रीन पाहिलीच नव्हती. वंदनाने गेटवर चौकशी केली की इंदूमावशी बाहेर गेली का, आणि काकांनी मान वर करून पाटी पाहिली. अठ्ठावीसच्या खिळ्यावर बिल्ला होता. "इंदी आत आहे," एवढंच ते म्हणाले आणि तसेच गंजीत घुसले. मग सगळेच घुसले. मीही. हातांनी, सुपांनी, मिळेल त्याने उपसलं. सगळे जिन बंद केलेले होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कापूस उपसायचा काही आवाज होत नाही. अब्बांनी मला आयुष्यभर आवाज ऐकायला शिकवलं होतं आणि त्या दिवशी आवाजच नव्हता.

ती सापडली तेव्हा गेलेली होती. अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. नाकातोंडात कापूस होता आणि तो जयाने पाहू नये म्हणून वंदनाने पदराने काढला.

दुपारी छोटे शेठ माझ्याकडे आले. चेहरा पांढरा पडलेला होता, माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. दार लावून म्हणाले, रेकॉर्डला हात लावू नका. सिस्टिममध्ये त्या गैरहजर आहेत, म्हणजे ड्युटीवर नव्हत्या. कशाला आत गेल्या ते त्यांनाच माहीत. उद्या चौकशीला येतील त्यांना प्रिंट द्यायची, तुम्ही काही बोलायचं नाही. मी मान हलवली. होय, हलवली. पगार मलाही हवा होता.

ते गेल्यावर मी गेटच्या मशीनची दिवसभराची नोंद उघडली. सात बावन्न, नंबर ४१, अंगठा, मंजूर. मागे वंदना सात त्रेपन्न. मी पुण्याच्या त्याच माणसाला फोन केला. म्हटलं, काही विचारू नका, एवढंच पाहून सांगा, ४१ नंबरला कुणाचा अंगठा साठवलेला आहे का. त्याने पाहिलं. म्हणाला, एकही नाही मॅडम, ती जागा कोरी आहे. मी म्हटलं, मग जुळला कशाशी? तो म्हणाला, असं होऊ शकत नाही. मी म्हटलं, बरं.

खिडकीतून पाटी दिसत होती. नऊ वर्षांपूर्वी शांता गेली आणि हजेरी इंदूची लागली. आज इंदू गेली आणि हजेरी शांताची लागली. तेव्हा ज्यांनी गप्प राहायचं ते गप्प राहिले होते, आणि आता त्या जागेवर मी बसले होते. मला भीती वाटत नव्हती. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती भीतीपेक्षा वाईट असते.

मी एक्केचाळीसची सात बावन्नची नोंद रद्द केली आणि अठ्ठावीसपुढे 'हजर' केलं. हाताने केलेल्या बदलाला सिस्टिम कारण मागते. एक छोटा चौकोन येतो. मी त्यात लिहिलं, 'अदलाबदल.' आधीची आणि नंतरची अशा दोन्ही प्रिंट काढून पर्समध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले तेव्हा मी बोलले. गुलाबकाका पण बोलले, आणि अठ्ठावीसचा बिल्ला त्यांनी टेबलावर ठेवला. टाळ्या वाजवणाऱ्या बायाही एकेक करून बोलल्या. इंदूमावशी कामावर असताना गेली, हे कागदावर आलं. जयाला मिळायचं ते मिळालं. पुढच्या सीझनला मला कुणी बोलावलं नाही, गुलाबकाकांनाही नाही. पाटीचं काय झालं माहीत नाही.

त्यानंतर मी शोधायचं सोडलं नाही. माझा स्वभावच तो. सीझन संपेपर्यंत मी एकेकीला मशीनपुढे उभं करून अंगठे लावून पाहिले. एकाही अंगठ्याला ४१ उठला नाही. पाळी लावायचा नियम मी कागदावर मांडून पाहिला, त्यातून एक्केचाळीस कधीच निघत नाही. एखादा बिघाड म्हटला तर समजू शकते. पण काम न भरलेल्या नावाला पाळी लागणं, तीही त्याच जागेवर, त्याच दिवशी, आणि कोऱ्या नंबरवर तिचाच अंगठा जुळणं...? अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीसारखं 'ढूंढो' म्हटलं नाही. हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "बेटा, जाने दे."

एक गोष्ट मला अजून ठरवता येत नाही. शांता जोडीदारणीला वाचवायला तिच्या जागेवर उभी राहत होती, की राहिलेली फेड मागायला आली होती? गुलाबकाकांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मले नको इचारू. म्या बी तिची वही दुरुस्त नाही केली."

आता मी यवतमाळला एका दवाखान्यात आहे. नर्सेसच्या ड्युट्या लावते. सॉफ्टवेअर वेगळं आहे, पण काम तेच. यादीत एक्केचाळीसची ओळ मी रिकामी ठेवते, त्यामुळे यादी दोन तुकड्यांत चढवावी लागते, आणि सगळे विचारतात हा उद्योग कशाला. मी सांगते, सवय. दुसरी एक सवय आहे ती कुणाच्या लक्षात आलेली नाही. सिस्टिमने आपण होऊन कुणाला सुट्टी दिली, तर मी ती कधी रद्द करत नाही. कितीही गर्दी असो, मोठ्या मॅडम कितीही ओरडोत. नर्सेस म्हणतात, रुखसाना मॅडम मनाने फार चांगल्या आहेत.

मनाचं काही नाही. मी घाबरते.